बाहेरच्या मॉनिटरवर गेम अडखळतो, मदत हवी आहे

मंडळी, जरा डोकं लावा. लॅपटॉप गेमिंगचा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर गेम मस्त पळतो. एचडीएमआयने २७ इंची मॉनिटर जोडला, की माउस फिरवताना चित्र फाटतं आणि ऐन गोळीबारात अडखळतं.

मॉनिटर २५६०×१४४० चा, लॅपटॉप १९२०×१०८० चा, म्हणजे पिक्सेल जवळपास पावणेदोन पट. मान्य. पण मॉनिटर १०८० वर आणूनही अडखळणं तसंच! टास्क मॅनेजरमध्ये (विंडोजमध्ये कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी) त्या वेळी प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही भरपूर राबताना दिसतं. काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट त्यालाच जोडलेला असतो, मग कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम त्याच्यामार्फत वळसा घालून बाहेर पडते. माझा संशय तिथेच आहे. खात्री कशी करायची? यूएसबी-सीमधून डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखीच मॉनिटरची दुसरी जोडणी) घेतला तर थेट कार्डाला जोडलं जाईल, की तेही मॉडेलवर अवलंबून?

शिवाय मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा असून विंडोज ६०च दाखवतंय. केबल जुन्या टीव्हीची आहे, तिचा दोष असेल का?

चार्जर लावलेला असतो, ड्रायव्हर ताजे आहेत, झाकण बंद करूनही पाहिलं. दुकानदार म्हणतो नवा लॅपटॉप घ्या. त्याचं काय जातंय! आधी केबल बदलू की पोर्ट?