सी पट्टीच्या केजन अकॉर्डियनसोबत फिडल कसं लावायचं?

उतरतीतार: अकॉर्डियन केजन, म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियानाच्या फ्रेंचभाषकांच्या संगीतातलं: दहा बटणांचं, एका ओळीचं, सी पट्टीचं. सोबतचं फिडल (म्हणजे व्हायोलिनच) नेहमीच्या जी-डी-ए-ई वर लावलंय. सूर चुकत नाहीत, पण लुइझियानातल्या जुन्या रेकॉर्डवरचा घुमणारा आवाज येत नाही. शिवाय ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) अकॉर्डियनचा ई उतरलेला दिसतो. रीड (सूर देणारी धातूची जीभ) बिघडलीय का? आणि जीमधल्या गाण्यांसाठी एफ शार्प कोणत्या बटणावर असतो?

गजानेबोला: फिडलच्या चारही तारा एकेक पूर्ण स्वर उतरवा: जीचा एफ, डीचा सी, एचा जी, ईचा डी. आता डी पट्टीची बोटं ठेवली की सी वाजतो आणि मधल्या दोन मोकळ्या तारा सी-जी, म्हणजे आयता षड्ज-पंचम. चाल एका तारेवर, शेजारची मोकळी तार त्याच गजाखाली. तुम्ही शोधताय ती घुमक हीच. जीमधली गाणी ए पट्टीच्या बोटांनी, एफमधली जीच्या.

एकच तार एकदम सैल करू नका. चारही तारा आळीपाळीने अर्धा-अर्धा स्वर उतरवा आणि मध्ये मध्ये घोडी सरळ उभी आहे ना ते बघा. उतरवलेली तार गज दाबला की वर चढते आणि सोडला की खाली येते. बारीक तारांवर हा त्रास जास्त. गजाचा दाब कमी करा, नाहीतर जाड तारा घाला.

दहाबटणी: रीड बिघडलेली नाही, ई मुद्दाम उतरवलेला असतो. सी षड्ज धरला तर ई म्हणजे गंधार. तानपुऱ्यातला स्वयंभू, म्हणजे आपोआप ऐकू येणारा, गंधार आठवा. तो ट्यूनरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असतो. किती उतरवायचा हे बनवणाऱ्यागणिक बदलतं. बीसुद्धा बहुधा तसाच ठेवतात. ३, ४, ५ ही बटणं एकत्र धरून भाता दाबा: सी-ई-जी न थरथरता वाजले तर सगळं ठीक. रीडला कानस लावून ई ट्यूनरला जुळवलात तर हाच कॉर्ड कायमचा डोलू लागेल.

एफ शार्प या वाद्यात नाहीच. एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं, ओढताना बहुधा दुसरा. चौथं बटण ओढताना एफ देतं, म्हणून जीमधल्या गाण्यात निषाद कोमल, सरळ खमाजच. फिडलवाल्याने सवयीने एफ शार्प लावला की टक्कर ठरलेली. डाव्या हाताला दाबताना सी, ओढताना जी, एवढेच कॉर्ड. एफचा कॉर्ड गिटारवाल्याकडे.

आवाज भरीव हवा असेल तर चाल दोन सप्तकांत एकदम वाजवा. इथे बोटं फसतात, कारण दाबताना जोडीचा सूर तीन बटणांच्या अंतरावर असतो (सीसाठी ३ आणि ६), ओढताना चार (डीसाठी ३ आणि ७, एफसाठी ४ आणि ८). भात्याची दिशा बदलली की पंजाही ताणायचा. सगळी कसरत त्यातच आहे.

दुसरंफिडल: गजाच्या कामासाठी डेनिस मॅगी आणि सेडी कुर्व्हिल या केजन फिडलवादकांची १९२९ची ध्वनिमुद्रणं ऐका. एक चाल वाजवतो, दुसरा खालच्या तारांवर ठेका आणि कॉर्ड धरतो. अकॉर्डियनसोबतचं फिडल ऐकायचं तर मॅगी आणि अकॉर्डियनवादक आमेदे आर्दवँ. जो फाल्कन आणि क्लिओमा ब्रो यांची १९२८ची रेकॉर्ड, केजन संगीताची पहिली, तीही ऐकाच, पण त्यात अकॉर्डियन आणि गिटार आहे, फिडल नाही. रेकॉर्डला ट्यूनर मात्र लावू नका. त्या काळी मुद्रणाचा वेग नेमका मिनिटाला ७८ फेरे असेच असं नाही, त्यामुळे पट्टी वरखाली सापडते.

उतरतीतार: ३-४-५ स्थिर वाजतात. सातव्या बटणाचा ई दाबताना खरखरतो.

दहाबटणी: रीडचे संच चालू-बंद करणाऱ्या वरच्या चार खुंट्यांपैकी एकावेळी एकच उघडी ठेवून ७ वाजवा, कोणत्या संचातली रीड आहे ते कळेल. मग तिच्या जिभेखालून कागदाची बारीक पट्टी सरकवा, बहुतेक वेळा कचराच निघतो. ब्लेड अजिबात नको, ओरखडा पडला की सूर बदलतो.