उभयलिंगी, द्विलैंगिक की बायसेक्शुअल?

परभणीकर:
बायसेक्शुअल, म्हणजे पुरुष आणि बाई अशा एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींची ओढ वाटू शकणाऱ्या लोकांची दखल घेण्यासाठी १९९९ पासून २३ सप्टेंबर हा दिवस पाळला जातो. त्या निमित्ताने आमचा समलिंगी मित्रमंडळींचा आधारगट परभणी, हिंगोली आणि नांदेडमध्ये वाटायला एक पानी पत्रक काढतोय. मसुद्यात एका ताईंनी ‘उभयलिंगी’ लिहिलं, एका मित्राने ते खोडून ‘द्विलैंगिक’ केलं आणि गाडी तिथंच अडली. आमच्या बैठकीत चिठ्ठ्यांचा डबा असतो, कारण तोंडाने विचारायची सगळ्यांची छाती होत नाही. मागे त्यात वहीच्या कागदावर लिहिलेली एक चिठ्ठी निघाली: ‘मला पोरगी बी आवडते. मग मी तुमच्यात बसतो का?’ हे आपल्याबद्दलच लिहिलंय, असं त्या पोराला पत्रक वाचून कळायला हवं. कोणता शब्द घ्यावा?

गोदाकाठ:
‘उभयलिंगी’ वर्तमानपत्रांत रुळलाय, पण आपल्या पोरांना तो पहिल्यांदा भेटतो गांडुळाच्या धड्यात. नर आणि मादी दोन्ही इंद्रियं एकाच शरीरात, तो जीव उभयलिंगी. फुलांच्या धड्यात तेच काम ‘द्विलिंगी’ करतो: जास्वंद द्विलिंगी, पपई एकलिंगी. म्हणजे हे दोन्ही शब्द शरीराची रचना सांगतात, मनाची ओढ सांगत नाहीत. इंग्रजीतही जास्वंदीला बायसेक्शुअल फ्लॉवरच म्हणतात, त्यामुळे गोंधळ मुळातलाच आहे. पण भोगावं माणसाला लागतं. ‘मी उभयलिंगी आहे’ असं सांगितलं की समोरचा आधी शरीराची चौकशी करतो. इंटरसेक्स, म्हणजे जन्मतः शरीर नर किंवा मादी या ठरीव साच्यात न बसणाऱ्या व्यक्तींवरही यात अन्याय होतो, कारण शरीराबद्दल बोलायला त्यांना हाच शब्द लागतो.

‘द्विलैंगिक’ अर्थाने जवळचा आहे, ‘समलैंगिक’च्या जोडीला शोभतोही. माझी हरकत वेगळी आहे. ‘लैंगिक’ हा शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा ‘अत्याचार’ किंवा ‘शोषण’ यांच्या शेजारीच छापून येतो. पत्रकाच्या मथळ्यात तो दिसला तर कितीतरी जण घडी करून खिशात घालतील, काही तर हातातही घेणार नाहीत.

शिवाय ‘उभय’ काय आणि ‘द्वि’ काय, मोजणी दोनवरच थांबते. तृतीयपंथी जोडीदारावर जीव असलेले बायसेक्शुअल लोकही आहेत. त्यांना बाहेर ठेवायचं नसेल तर ‘एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींची ओढ वाटणारे’ असं मोकळं वाक्यच लिहावं. शब्द म्हणून ‘बायसेक्शुअल’ ठेवावा, आणि शोधणाऱ्यांना सापडावं म्हणून बाकीचे दोन शब्द खाली बारीक अक्षरात द्यावेत.

बालाघाट:
एक भर घालतो. एचआयव्हीच्या कामात मी बरीच वर्षं काढली. तिथे पुरुषांमधल्या संबंधातल्या भूमिका सांगणारे कोती, पंथी आणि डबल डेकर हे शब्द रोजचे. बाहेरचे कार्यकर्ते ‘डबल डेकर’ म्हणजे बायसेक्शुअल असं धरून चालतात. ते चूक आहे. तो शब्द पुरुषांमधल्या संबंधात दोन्ही भूमिका घेणाऱ्यासाठी आहे, बायकांची ओढ आहे की नाही हे तो सांगत नाही. आमच्या नोंदवहीत सगळे ‘एमएसएम’ (पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष) याच रकान्यात जायचे. तो रकाना आजाराचा धोका मोजण्यासाठी होता, ते त्याचं काम होतं. पण बायकोवर मनापासून प्रेम असलेला आणि एका मित्रातही जीव गुंतलेला माणूस त्यात कुठे दिसत नव्हता. बायसेक्शुअल बायकांना तर रकानाच नव्हता.

गोदाकाठ:
दादा, तुमच्या ‘दोन्ही’वरून आठवलं. पत्रकात ‘मला दोघंही आवडतात’ असं लिहू नका. मराठीत त्याचा सरळ अर्थ ‘दोघं एकाच वेळी हवीत’ असा होतो, आणि ‘यांचं एकाने भागत नाही’ या आरोपाला आपणच खतपाणी घालतो. ‘पुरुषावरही जीव जडू शकतो, बाईवरही’ असं लिहा. सगळा भार त्या ‘शकतो’वर आहे. काळही सांभाळा. ‘लग्नाआधी तो बायसेक्शुअल होता’ हे वाक्य अर्थाने चुकीचं आहे. लग्न बाईशी झालं म्हणून ओढ बदलत नाही, म्हणून ‘आहे’च.

आपल्या म्हणीही या लोकांच्या वाट्याला वाईट आल्यात. ‘दोन डगरींवर हात’, ‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी’. घरातले हे ऐकवतात, आणि समलिंगी मित्रमंडळींतही ‘आधी एक काय ते ठरव’ असं सुनावणारे आहेत. आधारगटानेच असं बोलायचं म्हटल्यावर त्या चिठ्ठीवाल्याने जायचं कुठे? त्याला ‘हो, बसतोस’ हे पत्रकाच्या पहिल्याच ओळीत मिळालं पाहिजे.

परभणीकर:
पटलं. मग सुरुवात अशी: ‘पुरुषावरही जीव जडू शकतो आणि बाईवरही? तू एकटा नाहीस, एकटी नाहीस. आमच्यात बसतोस, बसतेस. याला बायसेक्शुअल म्हणतात. हा आजार नाही, गुन्हा नाही.’ गुन्ह्यापुढे ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल देतोय, समलिंगी संबंधांना तोवर गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरचा.

अंबाजोगाईची:
‘आजार नाही’पुढेही आधार द्या. घरचे ‘बरं करून आणतो’ म्हणून डॉक्टरकडे नेतात. लैंगिक कल बदलण्याचे असे उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही. हे छापलेलं हातात असलं की आईबापांशी बोलताना पोराला जरा बळ येतं.

आता बायकांबद्दल. संभाजीनगरात स्पर्धा परीक्षेच्या तयारीला दोन मुली एका खोलीत राहिल्या तर कुणी काही विचारत नाही, ‘मैत्रिणी’ म्हणून सगळं खपून जातं. खरी कोंडी पुढे. मुलीने धीर करून आईला सांगितलं की उत्तर येतं, ‘तुला मुलं पण आवडतात ना? मग या स्थळात अडचण काय?’ समलिंगी मुलीला निदान ‘मला पुरुष नकोच’ असं म्हणता तरी येतं. बायसेक्शुअल मुलीचा खरेपणाच तिच्यावर उलटवला जातो, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. म्हणून एवढं वाक्य ठळक अक्षरात छापा: ‘पुरुषही आवडू शकतो, म्हणजे आलेल्या कोणत्याही स्थळाला होकार आहे असं नाही.’ त्याखाली टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि विधी सेवेचा १५१०० हे क्रमांक द्या. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेही तिथंच लिहा. आणि पत्रकाचा आकार मोबाइलच्या कव्हरमागे मावेल इतका ठेवा, वसतिगृहात कपाटं उघडीच असतात.