ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटले ५७६० डीपीआय पाह्यचं का ग्रे शाई?

दिग्रसचा स्टुडिओवाला:
मंडळी, प्रिंटर घ्यायचा हाय अन् जो दुकानदार भेटते तो मले खोक्यावरचं ५७६० बाय १४४० डीपीआय दाखवून राहिला. माझं मत सरळ हाय, ब्लॅक अँड व्हाइटसाठी हा आकडा मागचा, आधी प्रिंटरात ग्रे म्हणजे करडी शाई हाय का ते पाह्यचं. तो एका इंचात शाईचा थेंब कुठं कुठं पडू शकते त्या जागांचा हिशेब हाय, फोटोतली बारीकी नाही, करड्याची एक छटा उठवायलेच कितीतरी थेंब लागते. मागं एका आबाजींचा फोटो तेरवीसाठी काढून दिला, १२ बाय १८ इंच, प्रिंटर सहा रंगाचा पण काळी शाई एकच. दुकानात झकास दिसला. घरी ट्यूबलाइटखाली धोतराच्या चुण्यांत हिरवट झाक, अन् अंगणात उन्हात आणला तर तीच चुणी गुलाबी. पोरगा काही बोलला नाही, नुसता फोटोकडं पाहत राहिला, मलेच लई वाईट वाटलं. करडा रंग निळा, गुलाबी, पिवळा मिसळून बनवला की उजेड बदलला का झाक बदलते.

वरूडकर:
भाऊ, शाईचं पटलं. पण रेझोल्युशन मागचं, हे नाही पटत. एपसनचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, साध्या सेटिंगवर ३६० पीपीआय (फोटोचे इंचाला ३६० पिक्सेल) घेते, बारीक डिटेल चालू केलं का ७२०. कॅननचं ३०० अन् ६००. २४ मेगापिक्सेलचा फोटो ८ बाय १२ वर ५०० पीपीआय बसते, म्हणजे ३६० वर ठेवलं तर आपल्याच कॅमेऱ्यातलं डिटेल आपण फेकून देतो. मी पोळ्यातल्या बैलाचा फोटो ग्लॉसी, म्हणजे चकचकीत कागदावर दोन्ही सेटिंगनं काढला, ७२० वाल्यात झुलीच्या टाक्याचा दोरा न दोरा सुटा दिसते, दुसऱ्यात टाके एकमेकांत मिसळले. अन् काळी शाई एकच असली तर उजळ भागात रवा सांडल्यासारखे ठिपके दिसते, तिथं थेंब बारीक असणंच कामी येते. गावातल्या स्टुडिओले दहा-बारा शायांची मशीन कुठून परवडन?

दिग्रसचा स्टुडिओवाला:
८ बाय १२ चं मान्य दादा. पण माझं गिऱ्हाईक १२ बाय १८ मागते, तिथं तोच कॅमेरा ३३३ वर येते, ७२० भरायले ११० मेगापिक्सेलच्या वर पाहिजे. अन् तो फोटो भिंतीवर उंच लागते, हार घालून. बारा शायांचं कोण म्हणते, एपसनच्या एल८१८० मधी, कॅननच्या जी५७० मधी टाकीवालीच ग्रे शाई हाय, फक्त जी५७० वर १२ बाय १८ निघत नाही. अमेरिकेत जॉन कोन यांनी पिएझोग्राफी या ब्लॅक अँड व्हाइट छापायच्या पद्धतीत सात-सात काळ्या-करड्या शाया वापरल्या, त्या कायले? छटांसाठीच ना.

कळंबची ताई:
दोघंही कागद विसरून राहिले. मॅट, म्हणजे चमक नसलेल्या कागदावर शाई पसरते, झुलीचा तो दोरा तिथं ७२० वरही सुटा दिसणार नाही. अन् जुना फोटो मोबाइलनं काढून आणलेला असला तर ७२० चं करता काय?

वरूडकर:
ताई, मॅटचं बरोबर हाय, मी ग्लॉसीचंच सांगत होतो. स्टुडिओवाले भाऊ, आबाजींची फाइल असन तर पाठवा, माझ्या ओळखीत ग्रे शाईची मशीन हाय, धोतराचाच तुकडा दोन्ही सेटिंगवर काढतो. ट्यूबलाइटखाली पाहू अन् उन्हातही.