मदत हवी आहे: ट्रॅककारसाठी एलएसडी प्लेटवाला की हेलिकल?

वळणवेडा: गाडीत ओपन डिफ आहे, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारं साधं डिफरन्शियल. हळू वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की आतलं चाक नुसतं गरगरतं, गाडी पुढे जातच नाही. म्हणून एलएसडी (चाकाचं असं गरगरणं आवरणारं डिफ) घ्यायचाय. प्लेटवाला (घर्षणाच्या चकत्यांवर चालणारा) घ्यावा की हेलिकल (तिरक्या दातांच्या गिअरवर चालणारा)? 'अवलंबून असतं' हे उत्तर खूपदा वाचून झालंय, ते नको. याच आठवड्यात ऑर्डर द्यायची आहे.

क्राउन_पिनियन: गाडी कोणती? पुढच्या चाकांवर चालते की मागच्या? टायर कोणते? यातलं काहीच नाही, मग सांगणार काय?

दोन_पेडल: टू-वे प्लेटवाला, डोळे झाकून. मी तोच वापरतो. ब्रेक दाबत वळणात शिरलं तरी मागची बाजू हलत नाही.

वळणवेडा: मागच्याच चाकांवर. एमएक्स-५, पहिली पिढी.

गिअरतेल: टू-वे सरसकट सुचवू नका हो. थ्रॉटल सोडल्यावरही तो लॉक होतो, आणि गाडी नाक आत घ्यायला तयार होत नाही. एवढ्या हलक्या गाडीचा वेळ वळणातला वेग टिकवूनच निघतो. प्लेटवालाच हवा असेल तर दीड-वे बघा, सोडल्यावर त्याची पकड कमी असते.

दोन_पेडल: नाक वळत नसेल तर चालवण्याची पद्धत बदला. डिफला दोष कशाला?

माळरान: चिखलातून गाडी काढायची असेल तर एलएसडीच्या नादी लागू नका, पूर्ण डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा) बसवा. फक्त कोरड्या रस्त्यावर तो बंद ठेवायचा.

क्राउन_पिनियन: माळरान, विषय ट्रॅकचा आहे. वळणवेडा, इंजिन १.६ की १.८? १.६ च्या डिफचा क्राउन (आतला मोठा गिअर) ६ इंची, १.८ चा ७ इंची. त्या लहान डिफमध्ये महागडा एलएसडी घालणं मला पटत नाही. १.८ चं अख्खं डिफ शोधा, सोबत त्याचेच ड्राइव्ह शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्ट घ्या. १९९४ पासून १.८ मध्ये टॉर्सन मिळायचा, तोही हेलिकलच्याच जातीचा, गिअरवर चालणारा. त्याआधीचा व्हिस्कस (दाट तेलावर चालणारा एलएसडी) मिळाला तरी घेऊ नका. चाकांच्या वेगात फरक पडल्यावर मग तो जागा होतो.

वळणवेडा: १.६. सेमी-स्लिक (जवळपास गुळगुळीत, जास्त पकडीचे) टायर. फोटोत आतलं मागचं चाक हवेत दिसतं.

गिअरतेल: अहो, मुख्य गोष्ट ही! हेलिकल पकड असलेल्या चाकाला दुसऱ्या चाकाच्या ठरावीक पटीतच टॉर्क देतो. अडीच पट धरा. आतलं चाक हवेत म्हणजे तिथे जवळपास शून्य, आणि शून्याची अडीच पटही शून्यच. म्हणजे ओपन डिफच. प्लेटवाल्यात प्रीलोड (चकत्यांवर आधीपासूनचा दाब) असतो, म्हणून तिथे थोडं तरी पोचतं. पण चाक मुळात उचलतं का? मागे जाड अँटिरोल बार (गाडीचं झुकणं कमी करणारी, दोन्ही चाकांना जोडणारी दांडी) लावलाय का?

वळणवेडा: लावलाय, सर्वांत कडक भोकात. त्याचा इथे काय संबंध?

गिअरतेल: गाडी झुकली की बाहेरचं चाक दबतं आणि तोच बार आतलं चाक वर ओढतो. मागच्या बारच्या दोन्ही लिंक सोडा आणि एक सेशन चालवून बघा. गाडी वळणात थोडी बाहेरच्या बाजूला सरकेल, पण चाक टेकलं तर तुम्हाला हेलिकल पुरतो. ऑर्डर तोवर थांबवा.

दोन_पेडल: प्लेटवाला घेतला तर बारला हातही लावावा लागणार नाही.

क्राउन_पिनियन: आणि प्लेटा झिजल्या, प्रीलोड उतरला की डिफ खाली काढून उघडायचं. तेलही सारखं बदलायचं. तुम्ही ते आवडीने करता, प्रत्येकाला जमत नाही.

स्लिक२०५: डिफ वेल्ड करून टाका, खर्चच नाही.

गिअरतेल: ड्रिफ्टसाठी ठीक. इथे प्रत्येक हळू वळणात गाडी सरळ जाऊ बघेल, वर शाफ्टवर ताण.

वळणवेडा: आधी लिंक सोडून बघतो. १.८ चं डिफ मिळालं तर फायनल ड्राइव्हचं (डिफच्या गिअर प्रमाणाचं) काय? माझं ४.३ आहे.

क्राउन_पिनियन: ते बहुधा ४.१ निघेल, दात मोजून घ्या. गिअर किंचित लांब होतील. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, तो खऱ्यापेक्षा थोडा कमी वेग दाखवेल.