रंगकामाची तीन कोटेशन्स, तीन भाव. कंत्राटदार कसा निवडायचा?

गेरू: घर आतून पूर्ण रंगवायचं आहे. भिंतींवर जुना डिस्टेंपर आहे, एका खोलीत खिडकीखाली पोपडे आलेत. तीन कोटेशन्स आली; सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त भावात जवळपास दुपटीचा फरक. काय बघून ठरवावं?

ओळंबा: भाव बाजूला ठेवा, आधी माप विचारा. कोणी दारं-खिडक्या वजा करतो, कोणी नाही. कोणी छत धरतो, कोणी वेगळं लावतो. त्यामुळे चौरस फुटाच्या भावाची तुलना फसवी ठरते. मग लिटर तपासा. गुळगुळीत भिंतीवर एका लिटर इमल्शनमध्ये (पाणी मिसळून लावायचा भिंतीचा रंग) साधारण 110 ते 130 चौ. फुटांना एक हात बसतो. भिंतींच्या 1200 चौ. फुटांना दोन हात म्हणजे 20 लिटरच्या आसपास. कोटेशनमध्ये 12 लिटर असतील तर एकतर हात एकच मिळणार, नाहीतर रंगात पाणी भरमसाठ पडणार.

थापी: पैसे वाचवले जातात ते घासकामात. भिंतीवरून तळहात फिरवा. पांढरी भुकटी लागली तर तो डिस्टेंपर खरवडून, धुऊन काढावाच लागतो. नाहीतर पुट्टी, म्हणजे भिंत सपाट करायचा लेप, त्या भुकटीलाच धरते आणि पुढे पापुद्रे निघतात. ‘खरवडणे’ हा शब्द कोटेशनमध्ये नसेल तर लिहून घ्या. तसंच पुट्टीचे हात किती आणि पुट्टीनंतर प्रायमर (रंगाआधीचा तळाचा हात) आहे का, हेही. प्रायमर गाळला की पुट्टी रंग कमी-जास्त शोषते आणि भिंतीवर चट्टे दिसतात.

खिडकीखालचे पोपडे पाहून ‘पुट्टीनं झाकून देतो’ म्हणणारा तिथेच बाद. पाणी बहुधा बाहेरून, चौकटीच्या सांध्यातून येतंय. तो सांधा आधी बुजवायचा. मग हातभर प्लॅस्टिक चारही कडांनी टेपनं घट्ट चिकटवून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर भिंत अजून ओली आहे, रंग थांबवा.

ब्रशवाला: थापीशी सहमत, फक्त सिमेंटची पुट्टी असेल तर आधी भिंतीवर पाणी मारायला सांगा. कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी ओढून घेते आणि पुट्टी भुसभुशीत राहते.

नमुना म्हणून गेल्या महिन्याचं काम बघण्यात अर्थ नाही, नवा रंग कुणाचाही छानच दिसतो. दोन पावसाळे झालेलं घर दाखवायला सांगा आणि तिथे बाथरूमच्या मागची भिंत बघा. प्रत्यक्ष काम कोणाची माणसं करणार, तेही विचारा. बरेच जण काम घेऊन दुसऱ्याला देतात.

पैसे टप्प्यानं: घासकाम-पुट्टी, प्रायमर, पहिला हात, शेवट. दहा टक्के तपासणीपर्यंत हातात ठेवा. तपासणी रात्री करा, टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. रोलरचे पट्टे आणि पॉलिश पेपरचे ओरखडे लगेच उठून दिसतात.

ओळंबा: डबे सीलबंद आणून समोर उघडायला सांगा. झाकणावरचा शेड कोड आणि बॅच नंबर यांचा फोटो काढून ठेवा, एका भिंतीला दोन बॅच लागल्या तर फरक दिसू शकतो.