खेळणं म्हणजे शिल्प नव्हे? आल्मा बुशरच्या २२ ठोकळ्यांवरून

गोदाकाठ:
नाशकातल्या एका शिल्पप्रदर्शनात मी एक टेबल मागितलं होतं. त्यावर सुताराकडून करून घेतलेले २२ रंगीत लाकडी ठोकळे मांडायचे होते. "खेळणी शिल्पात बसत नाहीत," असं सांगून आयोजकांनी नकार दिला. तेव्हापासून मनात खदखदतंय, म्हणून इथे विचारते.

मूळ ठोकळे जर्मनीच्या आल्मा सीडहोफ-बुशर हिचे. जन्म १८९९चा. १९२२ला ती वायमारच्या बाउहाउस कलाशाळेत आली. स्त्री-पुरुष भेद करणार नाही असं जाहीर करून १९१९मध्ये ती शाळा उघडली होती, पण मुलींना बहुतेक विणकामालाच बसवत. आल्मालाही बसवलं. ती मागावरून उठली आणि लाकडी शिल्पाच्या कार्यशाळेत गेली. पुढच्याच वर्षी शाळेने प्रदर्शनासाठी एक नमुन्याचं घर बांधलं, त्यातली मुलांची खोली आल्माची. कपाटाच्या दारात बाहुल्यांच्या खेळासाठी झरोका, भिंतींवर मुलांना चित्रं काढायची मोकळीक. १९२३ सालीच! हे २२ ठोकळे म्हणजे तिचा जहाजाचा खेळ, तोही त्याच वर्षीचा. तुकडे जोडले की जहाज, मोडले की पूल, कमान, मुलाला हवं ते. १९४४च्या सप्टेंबरमध्ये फ्रांकफुर्टजवळ बॉम्बहल्ल्यात ती गेली. वय ४५. कला शिकलेल्या किती जणांना हे नाव माहीत आहे?

मातीचा माणूस:
ताई, मी गेली तीस वर्षं माती मळतोय. गणपती घडवतो, व्यक्तिशिल्पंही करतो. मला आयोजकांचं पटतं. हा खांदा एवढाच झुकेल, ही मान इथेच वळेल, हे शिल्पकार ठरवतो आणि मग त्या निर्णयाला जन्मभर बांधील राहतो. आल्माने तो निर्णय मुलावर सोडला. बाई गुणी होती, यात वाद नाही. पण तिला शिल्पकार म्हटलं तरच तिचा मान वाढतो, असं तुम्हीच धरून चाललाय. म्हणजे खेळणं करणं हे खालचं काम आहे, असं मनातून तुम्हालाही वाटतं.

गोदाकाठ:
हे लागलं, आणि थोडं खरंही आहे. पण निर्णयाचं पटत नाही. आल्माच्याच कार्यशाळेत योझेफ हार्टविग या तिथल्या शिक्षकाने बुद्धिबळाची मोहरी घडवली. उंट तिरका चालतो म्हणून त्याचा आकार फुलीचा. मोहऱ्याकडे नुसतं बघितलं की त्याची चाल कळते. तीही हातात घेऊन हलवायचीच वस्तू, तरी संग्रहालयांत मानाने ठेवतात. मोठ्यांच्या खेळाला काच आणि मुलांच्या खेळाला टोपली, असं का? आल्माने प्रत्येक वळण मापून काढलंय. मुलाने कसंही रचलं तरी ते तिच्या आकारांतूनच उभं राहतं.

पंचवटीची बाई:
मी बालवाडीत शिकवते. शिल्प की खेळणं, याने माझ्या मुलांचं काही अडत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हा खेळ आज स्वित्झर्लंडची नेफ कंपनी बनवते आणि तो आमच्या पालकांच्या आवाक्यातला नाही. शिवाय ह्या ठोकळ्यांना चेहरा नाही. चेहरा नसलेलं खेळणं चांगलं, हे मोठ्या माणसांचं तत्त्वज्ञान. आमच्याकडे एका मुलीने साधा ठोकळा पदरात गुंडाळून थोपटून झोपवला. तिला बाळच हवं होतं! आणि परदेशी बाईसाठी भांडताना आपली ठकी बाहुली कशी विसरलात? एका लाकडात कोरलेली, रंगवलेली. आजीने खेळवलेली, आईने खेळवलेली. ती कोणी घडवली त्याचं तर नावसुद्धा नाही. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्यांचं तरी कुठे आहे?

रंधा:
ते तुकडे मी कापले, म्हणून लिहितो. सरळ तुकड्यांना वेळ लागत नाही. गोलाईच्या तुकड्यांनी दोन दिवस खाल्ले. मापात केसभर फरक पडला तरी रचलेलं डळमळतं. कडा घासल्या नाहीत तर पोराच्या हातात कुसळ जातं. रंगाची काळजी वेगळीच, कारण पोर वस्तू आधी तोंडात घालतं. बाई स्वस्तात करा म्हणतील, तर १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागतं. हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना सूट आहे. ती नोंदणी करायचा विचार आहे. ह्याला शिल्प म्हणतात का ते मला ठाऊक नाही. पण दार-चौकट करताना एवढा विचार करावा लागत नाही.

मातीचा माणूस:
हार्टविगचा मुद्दा मानला. रंधाभाऊंच्या मेहनतीलाही मान. तरी माझी व्याख्या मी सोडणार नाही. मूर्तीपुढे माणूस थांबतो. ठोकळ्यांपुढे मूल थांबत नाही, कामाला लागतं. दोन्ही मोठी कामं आहेत, पण एक नाहीत. प्रदर्शनात खेळण्यांचं वेगळं दालन मागा, सही करायला मी येतो.

गोदाकाठ:
वेगळं दालन नको. तुमच्या व्यक्तिशिल्पाशेजारीच टेबल हवंय, वाद तेवढ्यासाठीच आहे. बाईंचं मात्र शंभर टक्के खरं, ठकी माझ्या डोक्यातच आली नाही. पुढच्या अर्जात ती ठोकळ्यांच्या आधी असेल. कुणाच्या घरी माळ्यावर, आजीच्या पेटीत जुनी ठकी असेल तर कळवा. रंग उडालेली असली तरी चालेल, पुन्हा रंगवू मात्र नका.