हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’चं गावात अभिवाचन: काय घ्यावं, कसं बसवावं?

वैनगंगाकाठ
वाचनालयातर्फे 8 मार्चला संध्याकाळी समाजमंदिरात ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटनटी हंसा वाडकरांच्या आत्मकथनाचं अभिवाचन ठेवून राहिलो आहोत. वाचणाऱ्या तिघी, तिघींचीही पहिलीच वेळ. ऐकणाऱ्या शे-सव्वाशे बाया, बहुतेक धानाच्या कामावरच्या. वेळ एक तास. पुस्तक हाती आहे, पण कोणती पानं घ्यावी ते ठरत नाही. दारू, नवऱ्याशी बेबनाव, घर सोडून जाणं हे गावात वाचावं काय? परवानगी लागते काय? काही मंडळी म्हणतात, मधात ‘बुगडी माझी सांडली गं’ वाजवा, म्हणजे कोणी उठणार नाही. जाणकारांनी सांगावं.

संहितावही
ताई, पहिले बुगडीचं. ते गाणं 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’ चित्रपटातलं खरं, पण पडद्यावर ते जयश्री गडकरांचं आहे. हंसाबाई त्यात आईच्या भूमिकेत आहेत. चित्रपटाचं नाव पुस्तकाला मिळालं म्हणून हा घोटाळा हमखास होतो. ते वाजवलं की बायांच्या डोळ्यांपुढे दुसरीच नटी उभी राहील.

आता संहिता. हे कथन हंसाबाईंनी सांगितलं आणि अरुण साधूंनी शब्दांत उतरवलं. आधी ‘माणूस’ साप्ताहिकात आलं, 1970 साली पुस्तक झालं. (साधू मूळ आपल्या परतवाड्याचे, हे निवेदनात जरूर सांगा.) म्हणजे हे बोललेलं आहे. वाक्यं तुटक येतात, काळ मागेपुढे होतो. बसवताना लोक नेमकं तेच ‘दुरुस्त’ करतात, सनावळी लावून सरळ करतात, आणि तिथंच बाईचा आवाज जातो. परिच्छेद गाळा, पण परिच्छेदाच्या आतलं वाक्य हलवू नका.

एका तासात वाचन 45 मिनिटांचंच धरा. नवख्या वाचकाचा वेग मिनिटाला 110 शब्दांच्या आसपास असतो, म्हणजे जवळपास 5000 शब्द. उरलेल्या वेळात निवेदन आणि थांबे. भरगच्च संहिता घेतली की शेवटची दहा मिनिटं पळावं लागतं, आणि या पुस्तकात पळून चालत नाही.

सुरुवात लहानपणापासून करा. 1923 चा जन्म, मूळ नाव रतन साळगावकर, आणि 1936 साली पहिला चित्रपट ‘विजयाची लग्ने’. तेराव्या वर्षी घर चालवायला पोर कामाला लागली, हे आपल्या बायांना समजावून सांगावं लागत नाही. मग बॉम्बे टॉकीज या चित्रपट कंपनीतली वर्षं थोडक्यात. जास्त वेळ द्या तो 1941 च्या ‘संत सखू’ला आणि 1947 च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ला. सहा वर्षांच्या अंतरानं एकच नटी आधी सखू होते, मग ‘बया’ नावाची तमासगीर, आणि दोन्ही लोकांनी डोक्यावर घेतल्या. भजनात सखू आणि मंडईच्या जत्रेत तमाशा, दोन्ही आपल्याकडं ओळखीचे आहेत. इथं श्रोते आपसूक पुढं सरकून बसतात.

दारू आणि घर सोडणं गाळू नका. ते काढलं तर उरते नुसती चित्रपटांची यादी, आणि हंसाबाईंनी स्वतःच काही लपवलेलं नाही. फक्त तो भाग सुरुवातीला नको, 30 व्या मिनिटानंतर आणा. तोवर बाईची मेहनत कळलेली असते, म्हणून कोणी खुसुखुसू हसत नाही. लहान पोरांना त्या वेळी वेगळं बसवायची सोय आधीच करा.

तिघींत वाटणी पात्रांप्रमाणे करू नका. एक नवरा, एक आई झाली की नाटक होते. वयाप्रमाणे वाटा: पोरवय एकीकडं, कामाची वर्षं दुसरीकडं, उतरता काळ तिसरीकडं. रडून वाचायचं नाही. सांगणारी रडत नाही, म्हणूनच ऐकणाऱ्याचं काळीज हलते.

झाडीचा_पडदा
आवाजाबद्दल. गावातला ॲम्प्लिफायर भजन किंवा दंडारीसाठी (आपल्याकडचं लोकनाट्य) लावलेला असतो, त्यावर एकोचं बटन चढवलेलं राहते. ते शून्यावर आणा. टिनाच्या छताखाली आधीच घुमते, त्यात एको म्हणजे दर शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर. भोंगा नको, त्यात बाईमाणसाचा आवाज पातळ, किरकिरा होते. दोन स्पीकर बॉक्स घ्या, माईकच्या पुढं चार-पाच फूट, तोंड लोकांकडं. बॉक्स मागं राहिले की शिट्टी वाजणारच. तिघींना तीन माईक द्या. एकच फिरवला तर प्रत्येक बदलाला खडखड होते. तोंडापासून चार बोटं अंतर आणि किंचित तिरपा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फुंकर बसत नाही.

कागद ए-फोर, एकाच बाजूनं छापलेला, अक्षर 16 चं, पिना न मारता. पान वाक्याच्या मधात तुटू देऊ नका. लाइट गेली तर बॅटरीवरचा दिवा वाचणाऱ्यांच्या खांद्यामागं ठेवा, समोर ठेवला तर कागद काळा दिसते.

वेळ सव्वासातची ठेवा आणि साडेआठपर्यंत उरका. मोहफुलाचे दिवस जवळ असतात, बायांना पहाटे उठावं लागते.

संहितावही
परवानगीचं राहिलं. हक्क अजून चालू आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं ते राहतात, आणि साधू 2017 मध्ये गेले. तरी कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये प्रकाशित पुस्तकातले वाजवी उतारे लोकांसमोर वाचायला मुभा आहे, आणि हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेल्या प्रयोगालाही. अख्खं पुस्तक वाचणं मात्र ‘उतारे’ होत नाही. राजहंस प्रकाशनाला पत्र टाकून ठेवा, तारीख आणि विनामूल्य हे दोन शब्द त्यात असू द्या.

वैनगंगाकाठ
लय उपयोग झाला. दोन गोष्टी राहिल्या. पत्रिकेवर ‘भूमिका’ चित्रपटातला स्मिता पाटीलचा फोटो टाकावा असं पोरं म्हणून राहिली. आणि मोबाइलवर लाइव्ह केलं तर चालते काय?

झाडीचा_पडदा
फोटो नको. 1977 चा ‘भूमिका’ या कथनावरून घेतलेला आहे, पण त्यातली बाई उषा ऊर्फ उर्वशी, हंसा वाडकर नव्हे. पत्रिकेवर नुसतं नाव मोठं टाका, खाली ‘संत सखू’ आणि ‘रामजोशी’. म्हाताऱ्या बाया सखूचं नाव वाचून येतील.

लाइव्ह नको. समोर बसून ऐकवण्याची मुभा वेगळी, नेटवर टाकणं वेगळं, त्याला लेखी परवानगी घ्यावी लागते. सरावासाठी मात्र मोबाइलवर तिघींचं वाचन भरा, तिसऱ्या-चौथ्या तालमीला ऐका आणि घड्याळ लावून पाहा. 50 मिनिटांच्या वर गेलं तर बॉम्बे टॉकीजचा भाग कमी करा, सखूचा नको.